डिस्चार्ज कार्ड सगळ्यात वर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर सैन्यात परत भरती व्हायचं बोलताना तू सहज विचारल्यासारखं विचारलंस, "बाबा, वजनासाठी केलेल्या पोटाच्या बायपासचं सांगितलंच नाही तर तिथल्या डॉक्टरांना कळेल का?" मी विषय बदलला. हसलोही बहुतेक. पण त्या रात्री झोप काही लागली नाही, म्हणून लिहायला बसलोय. फोनवर माझं बोलणं हुकूम सोडल्यासारखं होतं, असं तुझी आई म्हणते. कागदावर जरा बरा बोलतो मी.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. कळेल. ऑपरेशन दुर्बिणीतून केलं असलं तरी पोटावर पाच-सहा व्रण आहेतच, आणि भरतीच्या तपासणीत अंगात शर्ट ठेवू देत नाहीत. शिवाय दोन वर्षांत चव्वेचाळीस किलो उतरलेल्या माणसाची कातडी कुणापासून लपत नाही. पण समज, व्रण नसते तरी माझं उत्तर बदललं नसतं. त्याचं कारण तुला मी आजवर सांगितलेलं नाही.

सव्वीस वर्षांचा होतो. फुटबॉल खेळताना उजवा गुडघा मुरगळला होता, आतून काहीतरी सुटल्यासारखं वाटायचं. वार्षिक मेडिकलला डॉक्टरांनी विचारलं, "काही तक्रार?" मी म्हणालो, "नाही." पुढच्या महिन्यात कोर्सला नाव लागणार होतं ना! त्यानंतर तीन आठवड्यांनी तीस किलोमीटरचा रात्रीचा मार्च. अठराव्या किलोमीटरला गुडघ्याने दगा दिला. माझा जोडीदार काही बोलला नाही, माझा पिठ्ठू, म्हणजे पाठीवरचं ओझं, त्याने आपल्या छातीवर अडकवला आणि चालू लागला. उतारावर पुढचं दिसेना, पाय घसरला, खांद्याचं हाड मोडलं. त्याची वैद्यकीय कॅटेगरी उतरली, वर्षभर तो ऑफिसात कागद लावत बसला. माझा कोर्स झाला. पहिल्या नंबरात झाला, हे तर तुला मी शंभरदा सांगितलंय. त्याच्या खांद्याचं एकदाही नाही.

म्हणून लपवू नकोस. पकडले जाण्याची भीती मला नाही रे. मला तो उतार आठवतो.

नियमांचं म्हणशील तर प्रत्येक सैन्याचे वेगळे असतात. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या प्रवेशाच्या वैद्यकीय निकषांत वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास ही अपात्र ठरवणारी गोष्ट म्हणून लिहिलेली आहे. सूट मागता येते, ती द्यायची की नाही हे ते ठरवणार. म्हणजे ही भिंत काही एकट्या तुझ्यासाठी बांधलेली नाही, आणि तुला नकार आला तर तो तुझ्या हिमतीला आलेला नसेल. त्यांचा प्रश्न साधा असतो: दवाखाना लांब, जेवणाचा भरवसा नाही, अशा जागी हा माणूस सहा महिने धडधाकट राहील का? पूर्वी नोकरी केली आहेस म्हणून हा प्रश्न टळत नाही. उलट तुझी जुनी वजनाची नोंदही ते काढून बघतील. मग कागद आपणच चोख न्यावेत.

आता एक कबुली. तू ऑपरेशन करायचं म्हणालास तेव्हा मी म्हणालो होतो, "हा आळशांचा उपाय. रोज पाच मैल पळ, काही कापावं लागणार नाही." तू काही बोलला नाहीस, ताटावरून उठून गेलास. नंतर मी वाचायला लागलो (निवृत्त माणसाला दुसरा उद्योग काय). भुकेचा निरोप मेंदूला पोचवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः जठरात तयार होतं, आणि पोट मारून वजन उतरवलं की ते आणखी वाढतं, म्हणजे शरीर गेलेलं वजन परत मागत बसतं. हे घ्रेलिन सापडलं १९९९ साली. पलटणीत आम्ही ज्यांना खादाड म्हणून चिडवायचो, जादा ड्रिल लावायचो, तेव्हा त्यांच्या पोटात काय चाललंय हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. तुझं ऑपरेशन मात्र त्याहून जुनं. १९६६ साली आयोवात एडवर्ड मेसन आणि चिकाओ इटो यांनी पहिला गॅस्ट्रिक बायपास केला. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रोग्यांचं वजन वाढतच नाही, हे मेसनच्या लक्षात आलं होतं. मी आळशांचा उपाय म्हणालो, ते चुकलं माझं. तोंडावर म्हणायला दोन वर्षं लागली आणि शेवटी तोंडावर म्हणालोच नाही, बघ.

तर भरतीच्या वैद्यकीय बोर्डासमोर जाताना नुसतं "मी फिट आहे" म्हणू नकोस. तुझं पोट आता वेगळ्या बनावटीचं आहे. रायफल मिळाली की आधी तिचे भाग शिकतो, तसं हे त्यांना तुला सांगता आलं पाहिजे. ऑपरेशनवेळी तुझ्या जठराची जेमतेम तीस मिलीची, दोन मोठ्या चमच्यांएवढी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला खालच्या बाजूला जोडली. मधला पहिला तुकडा वगळला गेला, आणि लोह व कॅल्शियम मुख्यतः तिथेच शोषलं जातं. बी-बारा जीवनसत्त्वासाठी जठराचा रस लागतो, तोही अन्नाला नीट मिळत नाही. यकृतात बी-बाराचा साठा असल्यामुळे ही उणीव वर्ष-दोन वर्षं कळतही नाही, आणि कळते तेव्हा पायाला मुंग्या येऊन कळते. गोळ्या जन्मभराच्या आहेत, लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचं अंतर ठेवून. "आता बरं वाटतंय" म्हणून मार्च महिन्यात बंद केल्या होत्यास, आईने सांगितलं मला. फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा), बी-बारा, ड जीवनसत्त्व यांचे दोन वर्षांचे रिपोर्ट ओळीने लावून ने. मध्ये खंड दिसला तर बोर्ड तिथेच बोट ठेवणार.

मला सर्वांत जास्त काळजी आहे ती दुखण्यावरच्या गोळीची. सैन्यात काहीही दुखलं की आयबुप्रोफेन. टाच, पाठ, डोकं, सगळ्याला तीच. आम्ही खिशात चणे ठेवावेत तशी पाकिटं ठेवायचो. तुझ्या पोटाच्या नव्या जोडावर त्याने अल्सर होऊ शकतो, तो रक्तही सांडतो आणि फुटूही शकतो. डायक्लोफेनॅकचंही तेच. तंबाखू-सिगारेटने आणखी वाढतं. तुला पॅरासिटामोल, आणि तेवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर. मेडिकलवाला घाईत असेल, तो विचारणार नाही. तूच सांगायचं, दर वेळी. आणि पोटात कधी अचानक, सरळ उभं राहता येणार नाही अशी कळ आली, अगदी दहा वर्षांनी का होईना, तर सहन करत बसायचं नाही. बायपासनंतर आतल्या फटीत आतडं अडकू शकतं, आणि मग हाताशी काही तासच असतात. तिथल्या डॉक्टरने बायपासवाला पेशंट कधी बघितला नसेल, म्हणून पहिलं वाक्य तेच बोल.

जेवणाचं तू मला शिकवलंस: घास बारीक, प्रथिनं आधी, पाणी जेवणाबरोबर नाही, नंतर अर्ध्या तासाने. घरी जमतं. मेसमध्ये दहा मिनिटांत ताट रिकामं करून उठायचं असतं आणि शेजारचा "अरे, एवढंच?" म्हणतो. म्हणू दे. लांबच्या मार्चवर सगळे हॉल्टला बाटली तोंडाला लावून गटागटा पितात, तुला ते जमणार नाही. निघायच्या दोन तास आधीपासून घोट घोट सुरू कर, चालतानाही. तुझ्यासारख्यांना मुतखड्याचा धोका जास्त, त्यात पाणी कमी पडलं तर विचारूच नको. थकवा आला म्हणून कुणी गोड सरबत दिलं तर नुसतं आठव, भाचीच्या वाढदिवसाला काय झालं होतं: अर्ध्या तासाच्या आत घाम, धडधड, आणि दोनेक तासांनी साखर उतरून हात कापायला लागले. घरी आम्ही तुला पलंगावर झोपवलं. पहाऱ्यावर हातात बंदूक असताना कोण झोपवणार?

दारूबद्दल एकच ओळ. ती तुला आता आधीपेक्षा फार लवकर आणि जास्त चढते, तेव्हा जुन्या मित्रांच्या मापाने पिऊ नकोस.

धावण्याचा वेळ तू सुधारलास, ते बघून मला बरं वाटलं. पण तेवढ्यावर जाऊ नकोस. एवढ्या झपाट्याने वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात आणि हाडंही विरळ होतात. पाठीवर वीस किलो घेऊन पळायला तीच तर लागतात. वजनं उचल, पाठीवरचं ओझं आठवड्या-आठवड्याने वाढव, घाई नको. नडगीत एकाच जागी बोट लावल्यावर दुखलं तर दुसऱ्या दिवशी पळू नकोस. यात मर्दुमकी नाही हे मी सांगतोय, म्हणजे बघ.

आईला तू परत जाऊच नये असं वाटतं. तिला वाटू दे, मी बोलेन तिच्याशी. मला विचारशील तर, जा. पण घेतील तर आहेस तसा घेऊ देत.

तुझी फाईल कपाटात वरच्या खणात आहे. रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेत, मार्च-एप्रिलची जागा रिकामी आहे, तिथे मी काही घातलेलं नाही. डिस्चार्ज कार्ड तू मधे कुठेतरी खुपसलं होतंस, ते काढून सगळ्यात वर ठेवलंय. शनिवारी येशील तेव्हा घेऊन जा.

तुझा,
बाबा