चौलच्या पत्त्यावर, ग्लासगोहून

ग्लासगो
४ मे २०२५

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

मागच्या रविवारी फोन ठेवता ठेवता बाबा, तुम्ही म्हणालात, "मी काय, जहाजं फक्त कागदावर काढली. तीही अर्ध्यात सोडून आलो." मला तेव्हा काही बोलता आलं नाही. आठवडाभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. फोनवर उत्तर द्यायला गेले तर तुम्ही विषय बदलणार आणि आई "जेवलीस का" विचारणार, म्हणून आज निवांत पत्रच लिहायला बसले आहे.

काल डंबार्टनला जाऊन आले. इथून आगगाडीने अर्ध्या तासाचा रस्ता. क्लाइड नदीच्या काठी एक मोठा खडक, त्यावर किल्ला, आणि जवळच डेनी या जहाजबांधणी कंपनीची जुनी टाकी. कंपनी १९६३ साली बंद पडली, टाकी मात्र संग्रहालय म्हणून जपली आहे. १८८२ सालची, जवळजवळ शंभर मीटर लांब. एखाद्या खाजगी गोदीने जहाजांच्या प्रतिकृती तपासायला बांधलेली जगातली ही पहिलीच. वर पत्र्याचं लांबलचक छप्पर, खाली काळंभोर स्थिर पाणी, त्यावर रुळांवरून सरकणारा गाडा. आत पाऊल टाकल्यावर आपोआप आवाज खाली येतो, अगदी रामेश्वराच्या गाभाऱ्यात येतो तसा.

दर्शनी भिंतीवर विल्यम फ्रूड यांचं स्मारक आहे. 'फ्रूड नंबर', म्हणजे जहाजाच्या वेगाचं आणि लांबीचं नातं सांगणारा आकडा, तुम्ही मला मी दहावीत असताना सांगितला होतात. त्या नावामागचा माणूस मात्र मला इथे येईपर्यंत माहीत नव्हता. त्यांच्याबद्दल वाचत गेले आणि मला सारखे तुम्ही दिसायला लागलात. आज तुम्हाला त्यांचंच सांगायचं आहे, कारण आजच्याच तारखेला, ४ मे १८७९ रोजी, ते गेले.

जन्म १८१० चा, इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात डार्टिंग्टनला. वडील चर्चमधले मोठे अधिकारी. आई गेली तेव्हा विल्यम दहा वर्षांचे होते. पुढे ऑक्सफर्डला गणितात पहिला वर्ग मिळवला आणि १८३७ पासून ब्रुनेल यांच्या हाताखाली रेल्वेच्या कामाला लागले. ब्रुनेल म्हणजे त्या काळच्या इंजिनिअरांमधलं सगळ्यात मोठं नाव. सरळ रूळ वळणाला लागताना डब्याला हिसका बसू नये म्हणून वळण हळूहळू कसं वाढवत न्यायचं, याची रीत फ्रूड यांनी तिथे काढली. असा चढता काळ चालू असताना १८४६ साली त्यांनी ते पूर्णवेळ काम सोडलं. कारण एवढंच, की वडील थकले होते आणि त्यांच्याजवळ कुणीतरी असायला हवं होतं. वय छत्तीस. वडील १८५९ साली गेले. तेरा वर्षं, बाबा!

हे वाचलं तेव्हा मी लायब्ररीत होते. पुस्तक मिटून थोडा वेळ बाहेर जाऊन उभी राहिले.

अण्णा आजोबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी तिसरीत होते. तुमची विशाखापट्टणमची बदली बढतीसकट आली होती, आणि तुम्ही राजीनामा देऊन आम्हाला चौलला घेऊन आलात. त्या वेळी गोदीतले वरिष्ठ तुम्हाला काय काय बोलले ते आईने मला खूप वर्षांनी सांगितलं. मला स्वतःला आठवते ती ओटीवरची कप्पी. तुळईला दोर बांधून तुम्ही ती टांगली होतीत, म्हणजे अण्णांना डाव्या हाताने दोर ओढून स्वतःचं स्वतः उठून बसता यावं. पहिल्यांदा दोर फार उंच झाला, मग फार जड जायला लागला, मग तुम्ही दुसरी कप्पी घातलीत आणि दोर खाली आणलात. कागदावर आकडे मांडले होतेत, अण्णांचं वजन, हाताचा जोर, दोराचा कोन. ज्या दिवशी अण्णा कुणाचाही हात न धरता उठून बसले, त्या दिवशी ते रडले होते. मला वाटलं होतं त्यांना दुखतंय.

तर फ्रूड घरी होते. वडिलांचं सगळं पाहत, मुलांना वाढवत. आणि याच काळात, १८५७ साली, ब्रुनेल यांनी त्यांच्याकडे एक प्रश्न पाठवला. 'ग्रेट ईस्टर्न' हे अवाढव्य जहाज तेव्हा तयार होत होतं. एवढं मोठं जहाज लाटांवर किती आणि कसं डोलेल? नीट उत्तर कुणाकडेच नव्हतं. फ्रूड यांनी घरबसल्या त्यावर काम केलं आणि वडील गेल्यानंतर दोन वर्षांनी, १८६१ मध्ये, डोलण्यावरचा आपला निबंध वाचला. म्हणजे ज्या कामामुळे ते नेव्हल आर्किटेक्ट म्हणून ओळखले गेले, त्याची सुरुवात नोकरी सोडून वडिलांपाशी राहिलेल्या माणसाच्या घरात झाली. त्यांच्याकडे घरची सुबत्ता होती आणि आपल्याकडे वाडीच्या नारळ-सुपारीवर महिना काढायचा होता, हा फरक मी विसरलेले नाही. तरी हे तुम्हाला सांगावंसं वाटलं.

त्यांचं म्हणणं आईलाही लगेच कळेल. आपल्या झोपाळ्याची एक स्वतःची लय आहे. त्या लयीत बारीकसा धक्का देत राहिलं तरी झोपाळा वर वर जातो, आणि भलत्या वेळी कितीही जोर लावला तरी जात नाही. जहाजालाही डोलण्याची अशी स्वतःची लय असते. लाटांची लय तिच्याशी जुळली की साध्या लाटाही जहाजाला पार कलंडवत नेतात. यावर उपाय म्हणजे बिल्ज कील. जहाजाच्या पोटाला दोन्ही बाजूंनी बाहेरून लावलेल्या लांब पट्ट्या, डोलताना पाण्याला आडव्या येऊन वेग खाणाऱ्या. १८७२ साली फ्रूड यांनी 'ग्रेहाउंड' आणि 'पर्सियस' ही सारखीच दोन जहाजं एकाच समुद्रात नेली. 'ग्रेहाउंड'ला पट्ट्या होत्या, 'पर्सियस'ला नव्हत्या. 'ग्रेहाउंड'चं डोलणं साधारण निम्म्यावर आलं. आई, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला येताना तुला बोट लागायची आणि तू पदरात लिंबू धरून बसायचीस ना? तुझ्यासारख्या लाखो जणांचं पोट या माणसाने सांभाळलं आहे.

आता बाबा, तुमच्या आवडीचा भाग. लहान प्रतिकृती ओढून मोठ्या जहाजाला किती ताकद लागेल ते सांगता येतं, हे तेव्हा कुणाला पटत नव्हतं. स्कॉट रसेल यांच्यासारखा नावाजलेला जहाजबांधणारा भर सभेत म्हणाला की हे छोटे प्रयोग दिसायला सुंदर, पण मोठ्या जहाजाबद्दल त्यातून काही कळायचं नाही. फ्रूड यांनी त्याआधीच, १८६७ मध्ये, डार्ट नदीत प्रतिकृती ओढून पाहिल्या होत्या. एकीचं नाव 'हंस', दुसरीचं 'डोमकावळा'. दोन्ही तीन, सहा आणि बारा फुटांच्या. डोमकावळ्याची नाळ, म्हणजे पुढचं टोक, धारदार, तेव्हाच्या शास्त्राप्रमाणे 'बरोबर' असलेली. हंस गोलसर, भरल्या अंगाचा. वेग वाढवल्यावर हंस सरस ठरला. आणि त्यांच्या लक्षात आलं की लहान-मोठ्या हंसांनी उठवलेल्या लाटा ठरावीक वेगांना हुबेहूब सारख्या दिसतात. वेगाचं प्रमाण लांबीच्या वर्गमुळाइतकं ठेवायचं. जहाज प्रतिकृतीच्या सोळापट लांब असेल तर वेग चौपट. जहाजाचे बारा नॉट पाहायचे तर प्रतिकृती तीन नॉटनेच ओढायची, सेकंदाला जेमतेम पाच फूट. पाण्याचं घर्षण या नियमात बसत नाही, म्हणून ते वेगळं मोजायचं. त्यासाठी त्यांनी नुसत्या फळ्या ओढल्या, दोन फुटांपासून पन्नास फुटांपर्यंत, कुणाला मेण लावलेलं, कुणाला कापड, कुणाला वाळू.

नौदलाने १८७० मध्ये दोन हजार पौंड मंजूर केले. टॉर्कीला स्वतःच्या घराशेजारी फ्रूड यांनी पावणेतीनशे फुटांहून थोडी लांब टाकी बांधली आणि मार्च १८७२ मध्ये प्रयोग सुरू झाले. स्वतःच्या कामाचा पगार त्यांनी घेतला नाही. मुलगा एडमंड बापाच्या हाताखाली तयार झाला आणि पुढे ते सगळं काम त्यानेच सांभाळलं.

प्रतिकृती पॅराफिन मेणाच्या. डंबार्टनला ते काम कसं चाले ते मी तासभर पाहत होते. मातीच्या साच्यात वितळलेलं मेण ओतायचं, थंड झालं की यंत्राने एकेका वॉटरलाइनवर, म्हणजे पाण्याच्या पातळीला समांतर रेषेवर, खाच पाडायची. मग सगळा ठोकळा पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो, भाताच्या खाचरांसारखा. त्यानंतर हाताने खरवडत त्या पायऱ्या काढून टाकायच्या, शेवटची रेघ बुजेपर्यंत आणि त्याहून एक केसभरही जास्त नाही. तुम्ही ड्रॉइंग बोर्डावर ती लवचीक पट्टी शिशाच्या वजनांनी दाबून धरायचात, एक डोळा मिटून तिच्यावरून नजर फिरवायचात आणि "इथे अजून दुखतंय तिला" म्हणत एक वजन किंचित सरकवायचात. मला इथे वर्गात आकार गुळगुळीत करायला संगणक देतात. पण आकार कुठे दुखतोय हे मी तुमच्याकडून शिकले, आणि ते मला इथल्या मुलांआधी दिसतं. सरांनी दोनदा विचारलं, कुठे शिकलीस. मी म्हटलं, घरी.

अजून एक राहिलंच. फ्रूड यांची पत्नी आणि बहुतेक मुलं कॅथलिक झाली. ते स्वतः झाले नाहीत. कुठलीही गोष्ट पूर्ण खात्रीने मानणं त्यांना जमत नसे, शंका उघडी ठेवणं हे ते कर्तव्य समजत. न्यूमन हे धर्मपंडित त्यांच्या थोरल्या भावाचे जिवलग मित्र. दोघांचा यावर वर्षानुवर्षं पत्रव्यवहार चालला, मतं जुळली नाहीत आणि माया कमी झाली नाही. अण्णांची तुळशीची माळ तुटली तेव्हा तुम्ही एकेक मणी वेचून रात्री कंदिलाशी ओवत बसला होतात. पंढरपूरला तुम्ही कधी हात जोडले नाहीत. आषाढीला अण्णांना हरिपाठ मात्र तुम्हीच वाचून दाखवायचात.

पत्नी १८७८ मध्ये गेली आणि फ्रूड खचले. मन रमावं म्हणून नौदलाच्या जहाजावरून आफ्रिकेच्या टोकाकडे गेले. परतायच्या आधी आमांश झाला आणि सायमन्सटाउनला त्यांचा अंत झाला. नौदलाने पूर्ण सन्मानाने दफन केलं. न्यूमन तेव्हा रोममध्ये होते, फ्रूड यांना लांबलचक पत्र लिहीत बसलेले. ते पत्र तसंच अपुरं राहिलं.

मला माझं पत्र वेळेवर पोचवायचं आहे.

बाबा, एक काम आहे. अण्णांची होडी मांगरात उलटी पडली आहे. तिचा नकाशा कधीच निघालेला नाही, बांधणाऱ्याने डोळ्यांनीच बांधली होती. तिची मापं घ्याल? नाळेपासून मागच्या टोकापर्यंत दर फुटाला एक काप, आणि प्रत्येक कापाला चार इंचांवर अर्धी रुंदी. माळ्यावरचा बोर्ड खाली काढा, लाइन्स प्लॅन, म्हणजे तिच्या आकाराच्या रेषांचा नकाशा, तुमच्या हाताने काढा आणि फोटोवर भागवू नका, मूळ कागद पाठवा. इथल्या प्रयोगशाळेत तिची प्रतिकृती करून ओढायची परवानगी मी मागितली आहे, आणि सर हो म्हणाले आहेत. नकाशावर खाली उजवीकडे नेहमीच्या चौकटीत तुमचं नाव हवं.

होडी उलटीच असू द्या, टेप धरायला दादाला बोलवा. आईला वाकायला लावू नका, तिची पाठ अजून पुरती बरी नाही. आई, मेतकूट संपलं. येणारं कुणी भेटलं तर पाठव.

तुमची,
मनू