हिवाळ्यात रात्री सभागृह उघडे ठेवण्याबाबत अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
सहकारी गृहनिर्माण संस्था, वरुड, जि. अमरावती

विषय : १ डिसेंबर ते १० फेब्रुवारी या काळात उघड्यावर झोपणाऱ्यांसाठी रात्रीचा आसरा व संध्याकाळचे गरम जेवण

महोदय,

दरवर्षी संक्रांतीच्या आसपास आपल्या संस्थेतर्फे ब्लँकेट वाटप होते. त्यामागची कळकळ खरी आहे. पण तोवर थंडीचे सर्वांत वाईट दिवस बरेचसे उलटलेले असतात. नागपूरला २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांवर उतरला होता आणि आपल्याकडेही कडाका डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासूनच जाणवतो. म्हणून यंदा एका दिवसाच्या वाटपाऐवजी बहात्तर रात्रींची सलग व्यवस्था करावी आणि त्यासाठी संस्थेचे सभागृह रात्री नऊ ते सकाळी सहा उघडे ठेवावे, अशी आमची विनंती आहे.

मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक बेघर निवारा असावा, असा सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर ठरलेला दंडक आहे. लाखाच्या आतले वरुड त्या हिशेबात बसत नाही. पण माणसे इथेही उघड्यावर झोपतात. एसटी स्टँडच्या बाकांवर, बाजारओट्यांवर, मंदिरांच्या ओसरीत, संत्रा मंडीच्या शेडखाली. शिवाय मेळघाटातून आणि मध्य प्रदेशातून कापूस वेचायला, संत्रातोडीला आलेल्या कुटुंबांची पाले गावाच्या कडेला असतात. गणती संध्याकाळी केली तर आकडा चुकतो, कारण तेव्हा प्रवासी आणि बेघर सारखेच दिसतात. रात्री अकरानंतर दोघातिघांनी, त्यांत एक महिला, शांतपणे फिरून पाहावे. कुणाच्या तोंडावर टॉर्च मारू नये. फोटो तर अजिबात काढू नयेत. नाव-गाव विचारले की अनेकजण उठून निघून जातात, त्यालाही कारण आहे. १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे आणि चौकशी म्हणजे पकडापकडी, हे त्यांनी सोसलेले असते. पोलीस स्टेशनला आपण लेखी कल्पना जरूर द्यावी, पण रात्रीच्या फेरीत पोलिसांना सोबत नेऊ नये.

आता अंथरुणाचे. इथेच बहुतेकांची चूक होते. माणूस फरशीवर किंवा ओट्यावर झोपतो तेव्हा अंगातली ऊब खालून जमिनीत जाते. वरून दोन ब्लँकेटे घातली तरी खाली नुसता कागद असेल तर पहाटे चारला तो कुडकुडत उठणारच. म्हणून आधी खालचा थर. जमिनीवर ताडपत्रीचा तुकडा, म्हणजे ओल वर येत नाही. त्यावर बारदान्याची गादी. धान्याचा शंभर किलोचा ज्यूटचा बारदाना साधारण साडेतीन फूट लांब असतो. दोन बारदाने तोंडाला तोंड लावून सुतळीने शिवले की एका माणसाची लांबी भरते. आत गव्हाचे कोरडे कुटार (भुसा) किंवा तनस (भाताचा पेंढा) भरावी. अंग टाकल्यावरही चार इंच जाडी उरेल इतकी भरायची. सोयाबीनचे आणि तुरीचे कुटार टोचते, ते घेऊ नये. आठ-दहा दिवसांत भरण दबते, तेव्हा वरून थोडी भर घालावी, आणि ओल लागली असेल तर सगळे बदलावे. बाजेवर झोपणाऱ्यालाही खालचा थर लागतोच, कारण बाजेखालून वारा वाहतो.

कीटकनाशकाची किंवा औषध लावलेल्या बियाण्याची पोती या कामात चुकूनही येऊ देऊ नयेत. फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे आणि कॅनसुद्धा कितीही धुतले तरी पाण्यासाठी वापरायचे नाहीत. कापसाच्या पट्ट्यात हा धोका किती खरा आहे हे यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने दाखवून दिले आहे.

पांघरुणासाठी घोंगडी सर्वांत चांगली. लोकर थोडी ओली झाली तरी ऊब धरून ठेवते. वाटपात येणारी स्वस्त जाड ब्लँकेटे धुक्यात ओलावली की दोन दिवस वाळत नाहीत आणि शेकोटीची ठिणगी पडली तर त्यांतला कृत्रिम धागा वितळून कातडीला चिकटतो. घराघरांतल्या जुन्या सुती वाकळी चालतील, फक्त त्या रोज उन्हात टाकल्या पाहिजेत. प्रत्येक पांघरुणावर रंगाने क्रमांक घालून ते त्याच माणसाला रोज द्यावे. यामुळे खरूज पसरत नाही आणि वाटपात एकालाच चार व दुसऱ्याला एकही नाही, असेही होत नाही. एखाद्याला खरूज निघाली तर त्याचे कपडे व पांघरूण गरम पाण्यात धुवावे. धुता येत नसेल ते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवावे. मलम मात्र त्याच्याजवळ झोपणाऱ्या सगळ्यांना एकाच वेळी लावावे लागते, नाहीतर ती फिरून येते. पांघरुणासोबत एक कानटोपी आणि मोज्यांचे दोन जोड द्यावेत. दोन यासाठी की एक वाळत असताना दुसरा पायात राहावा.

आपले सभागृह वीस बाय तीस फुटांचे आहे. सरकारी निवाऱ्यांसाठी माणशी किमान पन्नास चौरस फूट जागा धरतात. त्या हिशेबाने बारा माणसे होतात आणि बारावर जाऊ नये. महिला व मुलांसाठी मागची खोली, तिला आतून कडी, आणि संडासाकडे जाणाऱ्या वाटेवर रात्रभर दिवा. वाऱ्याच्या उलट बाजूच्या दोन खिडक्या वीतभर उघड्या ठेवाव्यात. बारा जणांत एखाद्याला क्षयाचा खोकला असू शकतो, हवा खेळती असली की इतरांचा धोका घटतो. सभागृहात शेगडी किंवा कोळसा नेऊ नये, ही अट मात्र कुणासाठीही मोडायची नाही. बंद खोलीतल्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेला माणूस जागाही होत नाही.

शेकोटी अंगणातच, भिंतीपासून दहा फूट दूर, बाजूला पाण्याची बादली. पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडे) भडकन पेटते आणि लगेच विझते, म्हणून ती पेटवणापुरती वापरून वर बाभळीचे जाड लाकूड ठेवावे. टायर, प्लास्टिक जाळू देऊ नये. कुष्ठरोगातून बरे झालेल्यांच्या आणि जुना मधुमेह असलेल्यांच्या पायांना चटका कळत नाही, पाय भाजले तरी ते तसेच बसून राहतात. अशांना शेकोटीपासून हातभर मागे बसवावे आणि झोपण्यापूर्वी त्यांचे तळवे पाहावेत. गरम पाण्याची बाटली देताना ती काचेची नसावी, पाणी उकळते नसावे, बाटली फडक्यात गुंडाळलेली असावी.

जेवण संध्याकाळी सात वाजता. पोटात गरम अन्न पडले की शरीराला रात्रभर ऊब तयार करायला इंधन मिळते. सकाळच्या नाश्त्यापेक्षा याला महत्त्व द्यावे. आत झोपणारे बारा आणि बाहेरून जेवायला येणारे धरून पंचवीस जणांचा अंदाज ठेवू. पंचवीस जणांच्या खिचडीला अडीच किलो तांदूळ, सव्वा किलो मूगडाळ, पाव किलोपेक्षा थोडे जास्त तेल, तेवढेच शेंगदाणे, कांदे, हळद, ऐंशी-नव्वद ग्रॅम मीठ आणि सुमारे तेरा लिटर उकळते पाणी लागते. गंज, म्हणजे मोठे पातेले, पंचवीस लिटरचा हवा, त्याहून लहान असेल तर ढवळता येत नाही आणि खिचडी खाली लागते. तूरडाळ घालायचा मोह होईल, पण आपल्या बोअरच्या जड पाण्यात ती तांदळासोबत शिजत नाही, दाणा कडक राहतो आणि म्हाताऱ्यांचे पोट दुखते. तूर हवी असेल तर वेगळी शिजवून घोटून घालावी. दात नसलेल्यांसाठी दोन वाट्या खिचडी वेगळी काढून गरम पाण्याने पातळ करावी. तिखट बेताचेच. आजच्या भावाने हा खर्च दिवसाला चारशे रुपयांच्या आसपास जातो, बहात्तर दिवसांचे अठ्ठावीस हजार आठशे. चौसष्ट घरांनी वाटून घेतला तर घरटी हंगामाचे साडेचारशे रुपये.

शिजलेले अन्न दोन तासांच्या आत वाढून संपवावे, तोवर गंज झाकून गोणपाटात गुंडाळून ठेवावा. उरलेला भात सकाळी गरम करून देऊ नये. कोमट भातात वाढणाऱ्या जिवाणूंचे विष पुन्हा उकळूनही जात नाही. लग्नसराईत उरलेले अन्न पाठवण्याचे फोन येतील. त्यांना एकच प्रश्न विचारायचा, शिजून किती वेळ झाला? चार तासांच्या आतले, ताटात न वाढलेले आणि अजून वाफाळते असेल तरच घ्यावे. दही, ओल्या खोबऱ्याची चटणी, बासुंदी घेऊ नये.

पाच-सात दिवस पोटात जवळजवळ काहीच नाही असा माणूस आला तर त्याला भरल्या ताटावर बसवणे धोक्याचे असते. दीर्घ उपाशी शरीरात एकदम जेवण गेले की रक्तातले क्षार घसरतात आणि हृदयावर ताण येतो. मीठ घातलेली पातळ पेज, वरणाचे पाणी, दर दोन-तीन तासांनी एकेक वाटी, आणि दुसऱ्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात तपासणी.

पालांवरच्या कुटुंबांकडे चूल असते, त्यांना शिधा द्यावा. चार जणांच्या आठवड्याला सहा किलो ज्वारीचे पीठ, पाच किलो तांदूळ, पावणेदोन किलो डाळ, पाऊण लिटर तेल, मीठ, तिखट, एक किलो गूळ. ज्वारीचे पीठच द्यावे, दळणाला त्यांच्याकडे पैसे नसतात, आणि ते दर आठवड्याला ताजे दळून आणावे, कारण जुने पीठ कडवट होते. पण शिध्याहून मोठी मदत म्हणजे रेशन. एक देश एक रेशनकार्ड योजनेत गावाकडचे कार्ड असलेल्याला कार्ड क्रमांक किंवा आधार दाखवून वरुडच्या रेशन दुकानातही धान्य घेता येते. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो, अंत्योदयला कुटुंबामागे पस्तीस किलो, आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. अनेकांना हे माहीत नसते, किंवा दुकानदार परत पाठवतो. संस्थेतल्या एका सभासदाने महिन्यातून एकदा त्यांच्यासोबत दुकानात जाऊन उभे राहावे, एवढ्याने काम होते. लहान मुले आणि गरोदर बायांची नोंद जवळच्या अंगणवाडीत करून द्यावी.

रात्रपाळीला दोघे असावेत आणि दोघांनाही थंडीची लक्षणे ओळखता यावीत. माणूस थरथरत असेल तोवर शरीर झुंजत असते. थरथर थांबली, बोबडे बोलू लागला, बोलण्यात संगती राहिली नाही, पोटाला हात लावला तर तेही थंडगार, तर तो दारू प्यायला आहे असे समजून सोडून देऊ नये. शरीराचे तापमान पस्तीस अंशांखाली गेल्याची ही चिन्हे आहेत. लगेच १०८ ला फोन करावा. ओले कपडे काढावेत, छाती-पोट-मान आधी गरम करावी, हातपाय चोळू नयेत, उठवून चालवू नये. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर गोड गरम चहा. दारू मुळीच नाही, तिने कातडी गरम वाटते पण आतली ऊब बाहेर जाते. तान्हे बाळ गार पडले तर त्याचे अंगडे काढून आईच्या उघड्या छातीशी धरावे, डोक्याला टोपी घालावी आणि वरून दोघांना मिळून पांघरूण.

म्हणूनच, प्यालेल्याला दारातून परत पाठवू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. उघड्यावर मरण्याचा धोका त्यालाच सर्वांत जास्त. अट एवढीच असावी की आत पिणे नाही, मारामारी नाही. भ्रमिष्ट अवस्थेतला माणूस आढळला तर मानसिक आरोग्य कायदा २०१७ प्रमाणे त्याला चोवीस तासांत सरकारी दवाखान्यात पोचवणे पोलिसांचे कर्तव्य आहे, तिथे त्यांची मदत जरूर मागावी. आणि एकटे लहान मूल दिसले तर १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर फोन करावा.

काहींना सामान चोरीला जाण्याची भीती असते, ते गाठोडे सोडून आत येत नाहीत. जुन्या लोखंडी पेट्या आणि कुलपे ठेवली, किल्ली त्यांच्याच हाती दिली, की येतात. कुत्रा सोबत असलेल्याला व्हरांड्यात आडोसा करून द्यावा.

सभासदांची मुख्य शंका असेल की हे लोक कायमचे राहतील. सकाळी सहाला सभागृह रिकामे, सातला झाडून-पुसून, खिडक्या उघड्या, पांघरुणे गच्चीवर. १० फेब्रुवारीला शेवटची रात्र. ही तारीख पहिल्याच दिवशी दारावर लिहून लावावी आणि तोंडीही सांगावी. पैशांबाबत, राखीव निधी आणि सिंकिंग फंडाला हात लावू नये. वर्गणी ऐच्छिक, पावतीपुस्तक वेगळे, मेंटेनन्सच्या बिलात ती घालायची नाही, म्हणजे सर्वसाधारण सभेत कुणाला आक्षेप घ्यायला जागा राहणार नाही. देणगीदारांची नावे पांघरुणांवर छापू नयेत.

भुकेल्याला अन्न, उघड्यानागड्याला वस्त्र, बेघराला आसरा हे सांगणारे गाडगेबाबा आपल्याच जिल्ह्यातले. २० डिसेंबरला त्यांची पुण्यतिथी असते आणि त्या दिवशी संस्थेत कार्यक्रम होतो. यंदा त्या दिवशी हारतुऱ्यांचा खर्च टाळून तेवढ्या रकमेच्या घोंगड्या घ्याव्यात, असेही सुचवतो.

कार्यकारिणीच्या येत्या बैठकीत हा विषय घेऊन तीन गोष्टींवर ठराव व्हावा : रात्रीसाठी सभागृह, स्वयंपाकघराची किल्ली, आणि रात्रपाळीच्या यादीवर अध्यक्षांची सही. यादीत पहिल्या पंधरवड्याची नावे भरून सोबत जोडली आहे. बारदाने आणि कुटार नोव्हेंबरअखेर गोळा करून ठेवण्याची जबाबदारी आमच्याकडे.

आपले विश्वासू,
संस्थेचे सभासद