‘काळा पट्टा’ हे नाव आधी मातीचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांवरच्या लेखात अलाबामाच्या ‘ब्लॅक बेल्ट’ची ओळख ‘कृष्णवर्णीय वस्तीचा पट्टा’ एवढीच करून दिली आहे. आज तो शब्द त्याही अर्थाने वापरला जातो, त्यामुळे विधान अगदीच चूक नाही. पण नाव आधी पडले ते मातीवरून. माणसे त्या मातीवर नंतर आणली गेली आणि ती कुठे आणायची हेही मातीनेच ठरवले. कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांनीही १९०१ च्या आत्मचरित्रात हाच क्रम सांगितला आहे. तो सुटला तर या राज्याचा आरंभीचा इतिहास समजत नाही, म्हणून हे पत्र.

डायनोसॉरांच्या शेवटच्या, क्रिटेशस काळात समुद्राचा किनारा आजच्या अलाबामाच्या साधारण मध्यावर होता. त्या उथळ समुद्रात सूक्ष्म जीवांची कवचे साचत गेली आणि खडूसारखा पांढरा, चुनखडीयुक्त थर तयार झाला. भूशास्त्रज्ञ त्याला सेल्मा चॉक म्हणतात. काही ठिकाणी त्याची जाडी शेकडो फूट आहे. हा खडक झिजून वर जी काळी चिकण माती आली, तोच हा पट्टा. मिसिसिपीच्या सीमेपासून डेमोपोलिस, सेल्मा, माँटगोमेरी असा तो कमानीसारखा पूर्वेकडे जातो. रुंदी साधारण ४० किलोमीटर.

आपल्या वाचकांना ही माती ओळखीची वाटेल. आपली रेगूर बेसॉल्टपासून झाली, तिथली खडूपासून. मूळ खडक वेगळा, पण गुण तोच. पावसात फुगते, पायाला चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वाफसा चुकला की नांगर चालू देत नाही. फरक आहे तो खालच्या थरात. आपल्याकडे मातीखालच्या मुरमात थोडेफार पाणी मुरते आणि विहिरीला लागते. तिथला खडू पाणी खाली जाऊ देत नाही.

म्हणूनच पहिल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी ही जमीन टाळली. उघडे गवताळ माळ, इमारती लाकडाची टंचाई, उन्हाळ्यात कोरडे पडणारे ओढे आणि हिवाळ्यात गाडीची चाके गिळणारा चिखल. त्यांनी आधी धरले ते नदीकाठचे गाळाचे तुकडे. पुढे खडूचा थर आरपार भेदून खालच्या वाळूच्या थरापर्यंत विंधणे सुरू झाले. तिथले पाणी दाबाखाली असल्याने आपोआप वर चढे. त्यानंतर मळेवाले या काळ्या जमिनीकडे मोठ्या संख्येने वळले.

ही जमीन रिकामी नव्हती. स्पॅनिश मोहिमेचा प्रमुख एर्नांदो दे सोतो १५४० मध्ये इथून गेला तेव्हा टस्कालूसा या स्थानिक प्रमुखाशी त्याची माबिला येथे मोठी लढाई झाली. फ्रेंचांनी १७०२ मध्ये मोबील वसवले आणि १७११ मध्ये ते आजच्या जागी, नदी उपसागराला मिळते तिथे हलवले. मग १७६३ मध्ये ब्रिटिश, १७८० मध्ये स्पॅनिश आणि १८१३ मध्ये अमेरिकन सत्ता आली. किनाऱ्यावर झेंडे बदलत राहिले. आतला मुलूख मात्र क्रीक, चॉक्टॉ, चिकासॉ आणि चेरोकी या मूळ रहिवासी लोकांकडेच होता. २७ मार्च १८१४ रोजी टॅलापूसा नदीच्या वळणावर, हॉर्सशू बेंड येथे, अमेरिकन सेनापती अँड्र्यू जॅक्सनने क्रीकांमधल्या, अमेरिकेशी लढणाऱ्या रेड स्टिक गटाचा पराभव केला. त्याच्या बाजूने चेरोकी आणि काही क्रीकही लढले होते. तरीही ९ ऑगस्टच्या फोर्ट जॅक्सन तहात सुमारे २ कोटी ३० लाख एकर जमीन घेताना मित्र क्रीकांचीही जमीन सोडली नाही. हा विश्वासघात आपल्या लेखात यायलाच हवा होता, कारण पुढचे सगळे त्याच जमिनीवर उभे राहिले.

तहानंतर मोजणी झाली. सहा मैल लांब, सहा मैल रुंद अशी एक टाउनशिप, तिचे ३६ भाग, प्रत्येक भाग ६४० एकरांचा. १८१७ मध्ये नेपोलियनच्या फ्रेंच निर्वासितांना अशा चार टाउनशिप, म्हणजे ९२,१६० एकर, दोन डॉलर एकराने दिल्या गेल्या. अट होती द्राक्षे आणि ऑलिव्ह लावण्याची. ऑलिव्ह तिथल्या थंडीत टिकले नाहीत, द्राक्षवेलींनाही हवा मानवली नाही. शिवाय मोजणी पुरी झाल्यावर कळले की डेमोपोलिसची त्यांची पहिली घरे दिलेल्या जमिनीबाहेरच आहेत. त्यांना पुन्हा हलावे लागले. नेपोलियनच्या मारेंगो येथील विजयावरून पडलेले मारेंगो काउंटीचे (जिल्ह्याचे) नाव तेवढे त्यांच्या खुणेसारखे उरले.

काळ्या जमिनीला मानवला तो कापूस, आणि तो पिकवायला गुलाम आणले गेले. लोकसंख्या १८२० मध्ये १,२७,९०१ होती, १८३० मध्ये ती ३,०९,५२७ झाली. व्हर्जिनिया, कॅरोलिना इथून माणसे विकत घेऊन, साखळदंडात चालवत इकडे आणली जात. १८६० मध्ये राज्याच्या ९,६४,२०१ लोकांपैकी ४,३५,०८० गुलाम होते. डॅलस, मारेंगो अशा काळ्या पट्ट्यातल्या काउंट्यांत हे प्रमाण तीन चतुर्थांशांच्या घरात होते. गाठी अलाबामा आणि टॉमबिग्बी नद्यांतून आगबोटींनी मोबीलला उतरत आणि तिथून लिव्हरपूलला जात. यादवी युद्धात दक्षिणेतली बंदरे नाकेबंदीत अडकली, म्हणून १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला.

माती अजूनही तीच आहे. याच पट्ट्यातल्या लाउन्ड्स काउंटीत सेप्टिक टँकचे पाणी नेहमीच्या चराने मुरत नाही, पावसाळी दिवसांत ते अंगणात परत येते. तिथे मातीचा उंच भराव करून वर चर घालावे लागतात. तो खर्च गरीब घरांना झेपत नाही.

एक दुरुस्ती राहिली. लेखातील चौकटीत माँटगोमेरी ही राज्याची पहिली राजधानी दिली आहे. १४ डिसेंबर १८१९ रोजी अलाबामा २२ वे राज्य झाले तेव्हा कारभार हंट्सव्हिलमधून तात्पुरता चालत होता. नंतर कहाबा, १८२६ पासून टस्कालूसा आणि १८४६ पासून माँटगोमेरी. कहाबा दोन नद्यांच्या संगमावर, सखल जागी वसवले होते; राजधानी तिथून हलवण्यामागे पुराचे कारण सांगितले जाते.

आपला,
भूगोलाचा एक अध्यापक, अकोला