भरतीच्या वेळा आणि दोन मुलं

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. उन्हाळ्याची सुट्टी पोरांना घेऊन समुद्राजवळ काढणार आहेस हे वाचून इतका आनंद झाला, की बायकोला ते पत्र दोनदा वाचून दाखवलं. 'एवढी लहान मुलं घेऊन रोज किनाऱ्यावर जाणं झेपेल का?' असं तू विचारलंयस. झेपेल. आम्ही पाच आठवडे तसेच राहून आलोय आणि पिशव्यांच्या शिवणींतून अजून वाळू गळतेय. तुझी दोघंही साधारण आमच्या दोघांच्याच वयाची, तेव्हा आठवतंय ते सगळं लिहितो. पत्र लांबेल, लांबू दे.

पहिला आठवडा आम्ही घड्याळावर काढला. सकाळी नऊ म्हणजे नऊ. पहिल्या दिवशी नऊला पोहोचलो तेव्हा ओहोटी होती. पाणी लांब गेलेलं आणि समोर ओली, घट्ट, पळायला मोकळी पुळण. आठवडा संपेपर्यंत त्याच नऊ वाजता पाणी थेट दगडांपर्यंत यायला लागलं. बसायला हातभर वाळू उरेना, मुलं हिरमुसली. मग सगळं भरतीच्या कोष्टकावर सोपवलं. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसाला दोन भरत्या येतात. एका भरतीपासून दुसरीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. हे कळल्यावर दिवसाला आपोआप आकार आला. ओहोटी सकाळी लवकर असली की नाश्ता वाळूवर. संध्याकाळी असली की दुपारी सगळ्यांनी झोपायचं. तीन वर्षांच्या मुलीला घड्याळ कुठे कळतं? पण 'पाणी गेलंय का?' हे तिला चांगलं कळत होतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी चढतंही खूप आणि उतरतंही खूप. त्या दिवसांत सामान नेहमीपेक्षा बरंच वर ठेव. आमची एक चप्पल समुद्राला गेली आहे.

थोरल्याचं सगळं लक्ष किल्ल्यात. ओली वाळू उभी राहते ती कणांमधल्या पाण्याच्या बारीक पडद्यामुळे. तो कणांना एकमेकांकडे ओढून धरतो. पाणी कमी झालं की बुरूज भुरभुरतो, जास्त झालं की ढासळतो. हे त्याला मी सांगितलं नाही, त्याच्या बोटांनीच शिकून घेतलं. मी त्याला एवढंच दाखवलं की भरती एकसारख्या चालीने चढत नाही. पाण्याची एकूण चढ बारा भागांची धर. पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. हिशोब ढोबळ आहे, पण सहा वर्षांच्या मुलाला पुरतो. पहिला तास तो निवांत भिंत बांधायचा. तिसरा तास लागला की ओरडायचा, 'बाबा, आता तीनवाला आला!' मग आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून वाळू ओढायचो. किल्ला रोज पडायचा. एकदाही रडला नाही तो. घरी ठोकळ्यांचा मनोरा पडला की याच मुलाचा रडून आकांत व्हायचा!

एक सांगतो, खड्डा खणू देशील तर सगळ्यांत लहान मुलाच्या गुडघ्यापेक्षा खोल नको. बाजू अचानक आत येतात आणि वाळू फार जड असते.

आता जे लिहायला जीवावर येतंय ते लिहितो. दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. धाकटी घोट्याएवढ्या पाण्यात बसून बादली भरत होती, मी चार पावलांवर उभा. फोन वाजला आणि कोणाचा ते बघायला मी मान खाली घातली, एवढंच. मान वर केली तर ती पालथी पडलेली. लाट मोठी नव्हती. परतणाऱ्या पाण्याने बुडाखालची वाळू ओढून नेली आणि ती आडवी झाली. हात-पाय हलत होते, पण आवाज नव्हता. काहीच आवाज नव्हता रे. उचललं, ती खोकली आणि मग रडली, तेव्हा कुठे माझ्या पायांना कंप सुटला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

बुडणारं माणूस हात हलवतं, ओरडतं, अशीच माझी समजूत होती. फ्रँक पिया नावाच्या अमेरिकी जीवरक्षकाने प्रत्यक्ष निरीक्षण करून मांडून ठेवलंय, की खरोखर बुडणारा बहुधा ओरडत नाही. तोंड पाण्यावर येतं तेवढ्यात जेमतेम श्वास घेता येतो, हाक मारायला वेळच नसतो. हात वर जात नाहीत, पाणी खाली दाबत राहतात. आणि पाण्याच्या वर ही धडपड फार तर २० ते ६० सेकंद टिकते. म्हणून तुला अगदी कळकळीने सांगतो, कानांवर भिस्त ठेवू नकोस. आम्ही दुसऱ्या दिवसापासून एक लाल रुमाल ठरवला. ज्याच्या हातात रुमाल, त्याचा पहारा. त्याने बोलायचं नाही, वाचायचं नाही, फोन पिशवीत. वीस मिनिटांनी रुमाल दुसऱ्याला द्यायचा, तोही 'घेतला' असा शब्द ऐकल्यावरच. चौघं मोठी माणसं किनाऱ्यावर असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. रुमालामुळे ते थांबलं. मुलांचे निळे-पांढरे कपडेही बदलले. ते रंग पाण्यात आणि फेसात विरून जातात, भडक नारिंगी लांबून दिसतो.

आणि जीवरक्षक असेल तिथेच पाण्यात उतर. लाटा फुटताहेत त्यांच्यामध्ये एखादा शांत, गडद पट्टा दिसला तर मुलांसाठी तीच चांगली जागा असं वाटतं. मलाही वाटलं होतं. पुष्कळदा तिथूनच पाणी जोरात समुद्राकडे परतत असतं. अशा ओढीत सापडलास तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नकोस, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर ये आणि मग वळ.

उन्हाचं थोडक्यात लिहितो. छत्री लावली म्हणजे झालं असं नाही. कोरडी वाळू अतिनील किरणांपैकी सुमारे १५ टक्के परत फेकते आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के, त्यामुळे सावलीत बसलेलं मूलही भाजतं. लांब बाह्यांचे कपडे, टोपी, आणि एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन दर दोन तासांनी. पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा. भर दुपारी आम्ही घरातच असायचो. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून खारे वारे सुटतात आणि त्या गारव्यात ऊन लागतंय हे कळतच नाही.

हे सगळं वाचून घाबरू नकोस. त्या लाल रुमालाने मला दिलं ते आधी कधी मिळालं नव्हतं. वीस-वीस मिनिटं आपल्या मुलांकडे नुसतं बघत बसायचं! मी घरी असतो रोज, पण असं कधी बघितलं होतं? धाकटी प्रत्येक लाटेला 'ये' म्हणते आणि परतताना 'जा' म्हणते, अगदी हळू, कोणी ऐकावं म्हणून नव्हे. थोरला किल्ल्याचा दरवाजा नेहमी समुद्राच्या बाजूला ठेवतो. का, ते विचारलं नाही. एकदा त्याला एक शंख चालताना दिसला. आत खेकडा. या खेकड्याचं पोट मऊ असतं, म्हणून तो रिकामा शंख शोधून त्यात राहतो आणि वाढला की मोठा शंख शोधतो. तेव्हापासून घरी न्यायचा प्रत्येक शंख तो आधी पाण्यात ठेवून वाट बघायचा, आत कोणी आहे का. शेवटी शेवटी त्याने रिकामेही तिथेच ठेवले, 'कोणाला तरी लागेल' म्हणून. मी सांगितलं नव्हतं रे! जेलीफिश मात्र मेलेला दिसला तरी हात लावू देऊ नकोस, त्याचे डंख नंतरही चालू असतात.

निघायच्या आत तिथलं भरतीचं कोष्टक मिळव. मला फोन कर, दोघं मिळून दिवस आखू.

शेवटच्या संध्याकाळचं सांगून थांबतो. पाण्याच्या कडेला उभं राहिलं की क्षितिज आपल्या डोळ्यांच्या उंचीप्रमाणे जवळ-लांब होतं. धाकटीच्या डोळ्यांना ते सव्वातीन किलोमीटरवर असतं. मी तिला खांद्यावर घेतलं की पाच किलोमीटरवर जातं. हे मी मनातल्या मनात मोजत होतो. ती वर बसली, माझे केस धरले, बराच वेळ समोर बघत राहिली आणि मग म्हणाली, "बाबा, हे पाणी मघाशी कुठे होतं?"

तुझा,
जुना मित्र