भूत पगारी असतं, पण गोष्ट कोणाची असते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत हॅलोविनवर, म्हणजे ऑक्टोबरअखेरच्या भुताखेतांच्या सणावर, जो लेख आलाय तो वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय, लांबलं तर खुशाल कात्री लावा. लेखाचा सूर असा की अमेरिकेत शिकलेसवरलेले लोक रांगा लावून भुताच्या घरात जातात, आपले तिकडे गेलेले लोकही मुलाबाळांसकट त्यात घुसतात, आणि ही अंधश्रद्धाच आहे, फक्त तिकीट लावून. वाचायला खमंग आहे, मान्य. पण लिहिणाऱ्याने एकदाही आत पाऊल टाकलेलं नाही हे चौथ्या ओळीतच कळतं. आत जाऊन आलेल्याला पहिली गोष्ट कळते ती ही की तिथे भुतावर विश्वास ठेवणारं कोणी नसतं, आणि जो भूत झालेला असतो तो तर अजिबातच ठेवत नाही, त्याची शिफ्ट असते, मधे पाणी प्यायला ब्रेक असतो आणि घरी जाऊन मेकअप खरवडून काढायचा असतो.

मी फिलाडेल्फियाच्या बाहेर राहते, अकरा वर्षं झाली, आणि दर ऑक्टोबरला कुठेतरी जातोच आम्ही. सगळ्यात लक्षात राहिलेली खेप म्हणजे दोन वर्षांपूर्वी सासूबाई इथे होत्या तेव्हाची. एक शेतावरचं हॉन्ट होतं, म्हणजे तिकीट काढून घाबरायला जायची जागा, नाव राहू दे. दिवसा तिथे भोपळे विकतात, मक्याच्या शेतात भूलभुलैया करतात, ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत गवताच्या गठ्ठ्यांवर बसवून पोरांना चक्कर मारतात, आणि अंधार पडला की त्याच शेतात कोठारामागून माणसं अंगावर धावून येतात. आई म्हणाल्या तुम्ही जा, मी बाहेर बसते, पण बाहेर थंडी अशी होती की शेवटी त्याच म्हणाल्या चला बाई आत तरी ऊब असेल.

आत ऊब वगैरे काही नव्हती. पहिल्याच खोलीत कमरेएवढं हिरवं पाणी, म्हणजे पाणी नाहीच, धुराच्या मशीनने खोली भरलेली असते आणि त्या धुरात हिरव्या लेझरचा एक सपाट पडदा सोडलेला असतो, तो वर पृष्ठभागासारखा हलतो आणि आपण खरोखर तळ्यात उतरल्यासारखे हात वर धरून चालतो, आईंनी तर साडी वर धरली होती. पुढे तो फिरणारा बोगदा. मधे साधा लोखंडी पूल, अगदी स्थिर, आणि भोवती रंगीत ठिपक्यांचा मोठा पिंप गोल फिरत असतो. बस एवढंच. पण डोळे सांगतात तू कलंडतोयस, कान म्हणतात नाही बुवा, आणि पायांना काय करावं कळत नाही. माझा नवरा इंजिनिअर आहे, पूल हलत नाहीये हे तो मोठमोठ्याने सगळ्यांना समजावत होता आणि दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरून होता.

बाहेर आल्यावर मोकळ्या जागेत ते घसरणारे होते. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, ही पोरं गुडघ्यांना पॅड बांधतात, हातमोज्यांना आणि बुटांच्या टोकांना लोखंड लावतात, लांबून पळत येतात आणि सिमेंटवर गुडघ्यांवर झोकून देऊन थेट तुमच्या पायाशी येऊन थांबतात, अंधारात ठिणग्या उडतात. तसा एक आईंच्या पुढ्यात आला, कवटीसारखा चेहरा, तोंडातून रक्त. आई किंचाळल्या नाहीत. वाकून म्हणाल्या, "अरे बाळा, गुडघे जातील की रे तुझे!" पोराला मराठीचं काय कळणार, पण सूर कळला असावा, त्याने तशीच गुरगुर चालू ठेवली आणि एका बोटाने गुडघ्याच्या पॅडवर टक टक करून दाखवलं. मग गेला दुसऱ्याच्या अंगावर. त्या टक टक मधे अंधश्रद्धा कुठे बसवायची ते लेखकमहाशयांनीच सांगावं.

हे सगळं किती हिशोबाने चालतं ते बघण्यासारखं असतं. आपल्याला वाटतं भूत कुठूनही येतं, पण सहसा ते मागून किंवा बाजूने येतं आणि तुम्हाला पुढे ढकलतं, कारण समोरून आलं तर ग्रुप मागे सरकणार, मागच्या ग्रुपवर आपटणार आणि सगळी लाईन तुंबणार. एका बाजूला काहीतरी हलवायचं, बाहुलीची मान वगैरे, सगळे तिकडे बघतात आणि दुसऱ्या बाजूच्या भिंतीतली फळी धाडकन खाली पडून तिथे तोंड. शेवटी चेनसॉवाला असतोच. त्या करवतीची साखळी काढलेली असते, नुसतं इंजिन घरघरतं, हे मला माहितीये, दरवर्षी माहिती असतं, आणि दरवर्षी पेट्रोलचा वास आणि तो आवाज आला की मी नवऱ्याला सोडून पळते. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी तर अशा एका हॉन्टमधे 110 लोकांना हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं लावून पाठवलं होतं, 2020 साली ते छापून आलं, आणि निघालं काय तर ज्यांना फार कमी किंवा फार जास्त भीती वाटली त्यांना मजा कमी आली, जे मधे होते त्यांना सगळ्यात जास्त. म्हणजे मिठासारखंच झालं, आमच्या घरी हे कोणालाही मशीन न लावता कळलं असतं पण असो.

आणि ही मधली भीती टिकते कशावर, तर आपल्याला काही होणार नाही या भरवशावर. तो भरवसा आपोआप आलेला नाही. इथून जवळच न्यू जर्सीत जॅक्सनला सिक्स फ्लॅग्स ग्रेट ॲडव्हेंचर नावाचं मनोरंजन पार्क आहे, तिथे 11 मे 1984 ला हॉन्टेड कॅसलला आग लागली, ट्रेलर एकमेकांना जोडून केलेला वाडा होता, आत पाण्याचे स्प्रिंकलर नव्हते, आठ पोरं गेली, सगळी टीनएजर. कोणाच्या तरी लायटरने भिंतीचा फोम पेटला असं चौकशीत आलं. कंपनीवर खटला झाला, पुढच्या वर्षी ती सुटली. पण त्यानंतर अशा जागांचे आगीचे नियम कडक झाले, स्प्रिंकलर हवेत, धूर ओळखणारी यंत्रणा हवी, आणि ती वाजली की भुतांचे आवाज आपोआप बंद होऊन दिवे लागले पाहिजेत. आता आत गेल्यावर मी आधी जमिनीलगतचे बाहेर जायचे छोटे दिवे शोधते, काळ्या कपड्यात टॉर्च घेऊन कोपऱ्यात उभा असलेला स्टाफ शोधते, मग घाबरायला मोकळी. तुमच्या लेखात धोका हा शब्द तीनदा आलाय, तिन्ही वेळा मुलांच्या मनावरच्या संस्कारांबद्दल. आगीबद्दल एक अक्षर नाही. (मुलांच्या वयाबद्दल मात्र लेखकाशी सहमत आहे, युनिव्हर्सल या सिनेमावाल्यांच्या थीम पार्कचा हॅलोविन हॉरर नाइट्स म्हणून जो मोठा कार्यक्रम असतो ते स्वतःच सांगतात की तेराच्या खालच्यांना आणू नका, तरी लोक बाबागाडी ढकलत आणतात, त्यांना काय बोलणार.)

खरं तर लेखकाला भांडायचंच होतं तर भांडायला जागा होती, ती त्यांनी सोडली म्हणून मला जास्त राग आला.

पेनसिल्व्हेनियात स्प्रिंग सिटीजवळ पेनहर्स्ट म्हणून मोठा परिसर आहे. 1908 मधे उघडलेली मतिमंद म्हटल्या जाणाऱ्या मुलामाणसांची सरकारी संस्था. 1968 मधे फिलाडेल्फियाच्या एका टीव्ही पत्रकाराने आत कॅमेरा नेला आणि लोकांना दिसलं की माणसं कशी कोंबून, बांधून ठेवलीयेत, पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि 1987 ला संस्था बंद झाली. 2010 पासून त्याच इमारतींमधे पेनहर्स्ट असायलम नावाचं हॉन्ट चालतं. अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्यांनी तेव्हाच विरोध केला होता. आता दिवसा इतिहासाच्या टूरही होतात, तेही सांगायला हवं. पण रात्री तिकीट काढून मी तिथे जाऊ शकत नाही. शेतातल्या कवटीवाल्या पोराचं भूत कोणाचंच नाही, ते त्या संध्याकाळपुरतं केलेलं आहे. इथे मात्र त्याच भिंतींच्या आत ज्यांना खरोखर डांबलं होतं, ज्यांच्यातले कितीतरी जण आजही आपल्यात राहताहेत, त्यांच्याच घराला घाबरायचं, हे मला नाही जमत. कॅलिफोर्नियात नॉट्स बेरी फार्म या मनोरंजन पार्कमधे 1973 पासून हॅलोविनचा कार्यक्रम होतो, या धंद्यातलं फार जुनं नाव, त्यांनी 2016 मधे मनोरुग्णालयावर एक व्हीआर (डोळ्यांवर चष्मा चढवून आभासी जगात नेणारा) खेळ आणला होता, मानसिक आजारांच्या क्षेत्रातल्या लोकांनी ओरड केल्यावर तो त्याच महिन्यात बंद केला. आभाळ काही कोसळलं नाही, बाकीची भुतं चालूच राहिली.

सगळ्या जुन्या जागांना एकाच मापाने मोजत नाही मी. फिलाडेल्फियातलं ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी 1829 चा तुरुंग आहे, अल कपोन हा कुख्यात गुंड तिथे काही महिने होता, आणि तिथल्या हॅलोविनच्या रात्रींची कमाई त्या पडक्या इमारतीच्या जतनाला जाते. तिथे आम्ही गेलोय, पण आधी दिवसा गेलो. कोठडीत वरच्या एका छोट्या झरोक्यातून उजेड येतो, बस तेवढाच, आणि त्यात माणसाने एकट्याने वर्षानुवर्षं काढायची. ते बघितल्यावर रात्रीचे रबरी मुखवटे मला जरा केविलवाणे वाटले, खरं सांगते.

आणि सेलम. मॅसॅच्युसेट्समधलं हे गाव जेमतेम चव्वेचाळीस हजार वस्तीचं, ऑक्टोबरमधे तिथे पाय ठेवायला जागा नसते, पोलिसांच्या गाडीवरसुद्धा झाडूवर बसलेली चेटकीण आहे. 1692 मधे तिथे चेटूक केल्याच्या आरोपावरून एकोणीस जणांना फाशी दिलं, एका म्हाताऱ्याला छातीवर दगड रचून मारलं. यातलं कोणीही चेटकीण नव्हतं, हाच तर सगळा मुद्दा, आणि आज त्यांच्याच नावावर टोकदार टोप्या विकतात. तिथे एक स्मारक आहे, भिंतीतून बाहेर आलेले दगडी बाक, प्रत्येकावर एक नाव, कसं मारलं ते आणि तारीख. आम्ही गेलो तेव्हा एका बाकाजवळ चेटकिणीचा पूर्ण ड्रेस घातलेली एक मुलगी उभी होती, वीसेक वर्षांची, चेहऱ्याला हिरवा रंग. फोटो काढायला आली असणार. तिने खाली वाकून वाचलं, ब्रिजेट बिशप, फाशी, 10 जून 1692. मग टोपी काढून काखेत धरली आणि मैत्रिणीला म्हणाली चल, इथे नको. त्या खटल्यातल्या एका बाईचं नाव तर 2022 पर्यंत निर्दोष ठरलेलंच नव्हतं, ते काम आठवीच्या वर्गातल्या मुलांनी आणि त्यांच्या शिक्षिकेने पाठपुरावा करून घडवून आणलं. अंधश्रद्धेवर लिहायचं होतं ना, हे सगळं आयतं ताटात वाढलेलं होतं!

सध्या घरात वाद चालू आहे. चिरंजीव आता पंधराचे झालेत आणि या वर्षी मित्रांबरोबर पेनहर्स्टला जायचंय. मी नाही म्हटलेलं नाही. दिवसाच्या टूरला आधी माझ्याबरोबर ये आणि मग रात्रीचं तुझं तू ठरव, एवढं म्हटलंय. पाच दिवस झाले, उत्तर नाही, दार आपटणंही नाही, म्हणजे विचार चालू असावा किंवा मित्रांनी तिकिटं काढलीसुद्धा असतील. काल आईंचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा त्याने आजीकडे वशिला लावायचा प्रयत्न केला, आजी यंदा मी कुठे जाऊ ते तूच सांग. आजीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तो गुडघ्यांवर घसरणारा मुलगा अजून तिथे असतो का रे, बरा आहे ना.

आपली,
एक वाचक, फिलाडेल्फियाजवळून