आधी लघवीची नळी बघा

संपादक महोदय,

आंबा काढणी सुरू झाली की कलमावरून, माडावरून माणूस पडल्याच्या बातम्या आपल्या अंकात येऊ लागतात. जखमीला कोल्हापूरला किंवा गोव्याला हलवले, की बातमी संपते. मानेचा किंवा पाठीचा वरचा मणका मोडून, लघवीची नळी घेऊन जो घरी परत येतो, त्याच्यासाठी हे पत्र.

मूत्राशय भरले की त्याच्या भिंतीतल्या नसा ताणाची खबर मज्जारज्जूच्या तळाशी पोचवतात आणि अंगातल्या रक्तवाहिन्या आवळू लागतात. हे तुमच्या-माझ्यातही होते. लघवी तुंबली तर वरचा बीपी १०-१५ ने सहज चढतो. शिबिरात लोकांना रांगेत तिष्ठत ठेवून बीपी मोजणाऱ्यांनी आधी मोरी कुठे आहे ते दाखवावे! धडधाकट माणसात मेंदू वेळीच लगाम घालतो. छातीच्या सहाव्या मणक्याच्या आसपास किंवा त्याच्या वर मज्जारज्जूला इजा झाली असेल, तर मेंदूचा हुकूम खाली उतरत नाही आणि बीपी भडकतो. मेंदूला ठोके तेवढे मंद करता येतात, कारण हृदयाला जाणारी ती नस मज्जारज्जूतून जात नाही. गुटमन आणि व्हिटरिज या डॉक्टरांनी इंग्लंडमध्ये १९४७ सालीच हे मांडले होते.

एका घरी मी गेले तेव्हा रोग्याचे डोके ठणकत होते. चेहरा लालबुंद, कपाळावर घामाच्या धारा, पाय मात्र गार. ‘ऊन बाधलं’ म्हणून त्याला आडवा करून वारा घालणे चालू होते. बीपी १४०, ‘एवढा काही नाही’ असे कुणीतरी म्हणालेही. अशा रोग्याचा नेहमीचा बीपीच ९० ते ११० असतो, त्यामुळे १४० म्हणजे धोका. पिशवी कोरडी होती. मांडीखाली नळीला पीळ पडला होता. तो सोडवला, लघवी धो-धो उतरली आणि घाम ओसरू लागला.

घरी सोडताना मिळणाऱ्या कागदावर गोळ्यांची यादी असते, हे नसते. ते मराठीत लिहून द्यावे, आशाताईंनाही शिकवावे: आधी उठवून बसवा, पाय खाली सोडा, कपडे सैल करा, नळी तपासा. नळी मोकळी असूनही बीपी उतरत नसेल, तर शौच साठले असेल. तेव्हा गाडी बोलवा आणि दवाखाना गाठा, कारण मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

– एक निवृत्त परिचारिका, देवगड