गहुंज्याचं तिकीट काढण्याआधी

पुणे

प्रिय संदीप,

सप्रेम नमस्कार. अण्णांना आणि चिनूला घेऊन गहुंज्याच्या स्टेडियममध्ये वनडे बघायला येतोयस, हे वाचून फार आनंद झाला. तिकिटं अजून काढली नाहीस ना? मग आधी हे वाच. ऑक्टोबरच्या उन्हात दिवस कसा जाणार, हे निम्मं तिकीट काढतानाच ठरतं.

गहुंज्याच्या बहुतेक स्टँडवर छप्पर नाही. बॅटरच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून खेळपट्टी साधारण उत्तर-दक्षिण आखतात. ते ऊन मग पूर्वेकडे बसलेल्यांच्या वाट्याला येतं, मॅच दीडला सुरू झाली की सूर्य बुडेपर्यंत थेट तोंडावर. म्हणून चार पैसे जास्त गेले तरी पश्चिमेची बाजू घे; तिथे ऊन पाठीवर राहतं. अगदी वर सावली लवकर येते, पण तेवढे जिने अण्णांच्या गुडघ्यांना झेपणार नाहीत. खालच्या आठ-दहा रांगांत षटकार येऊन आदळतात, चिनूला तिथे नको. मधल्या रांगा, पायऱ्यांलगतच्या खुर्च्या बघ. लघवीला जाताना वीस जणांचे गुडघे ओलांडावे लागत नाहीत.

पाण्याचं मात्र मनावर घे. २४ ऑक्टोबर २०२४ ला इथेच न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीच्या पहिल्या दिवशी प्रेक्षकांना प्यायला पाणी मिळेना, आणि महाराष्ट्र क्रिकेट संघटनेला माफी मागावी लागली. बाटली आत नेऊ देत नाहीत. म्हणून निघण्याआधी दोन तास प्रत्येकी अर्धा लिटर पाणी पिऊन घ्या. आत गेल्यावर तहानेची वाट न बघता दर अर्ध्या तासाने एक ग्लास. घरी ओआरएस करशील तर पूर्ण पुडी, पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात; मोठी पुडी असेल तर पूर्ण एक लिटर. लोक मोठी पुडी अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओततात, मीठ दुप्पट होतं आणि लहान मुलांना ते बाधतं. अण्णांना लघवीची गोळी चालू असेल किंवा पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचार.

छत्री, पॉवर बँक, मोठी बॅग, कधी कधी नाणीसुद्धा गेटवर अडवतात, आणि ठेवायला जागा मिळेलच असं नाही. तिकिटावरची यादी वाचून निघा. सुती पंचा मात्र प्रत्येकाकडे हवाच. नळाखाली भिजवून हलका पिळायचा आणि मानेवर टाकायचा; वाळला की पुन्हा भिजवायचा. तापलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर घालायला दुसरा कोरडा ठेव.

अण्णा असंबद्ध बोलायला लागले, झोकांड्या गेल्या, अंग तापलं, तर तो साधा थकवा समजू नकोस. लगेच सावलीत ने, कपडे सैल कर, मानेवर नि काखेत पाणी मारून वारा घाल आणि १०८ ला फोन लाव. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही.

गर्दीचा खरा धोका गेटवर असतो. ४ जून २०२५ ला बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमच्या गेटांबाहेर ११ जण दगावले. एका चौरस मीटरमध्ये पाचाहून जास्त माणसं झाली की आपली पावलं आपली राहत नाहीत. छाती दबते, श्वास भरायला जागा उरत नाही, बहुतेक जण त्यानेच जातात. म्हणून मॅचच्या दीड तास आधी आत बसा. दाटी झालीच तर चिनूला उचलून घे, दुसरा हात कोपरात वाकवून छातीपुढे धर. लोटाच्या उलट ढकलायला जाऊ नकोस. लोट ओसरला की तिरकं सरकत कडेला ये. भिंत आणि बॅरिकेड टाळ. चप्पल पडली तर पडू दे, वाकू नकोस.

चिनूच्या मनगटाच्या आतल्या बाजूला तुझा नंबर बॉलपेनने लिही आणि निघताना तिचा त्याच कपड्यांतला फोटो काढून ठेव. चुकामूक झाल्यावर कपड्यांचा रंग भल्याभल्यांना आठवत नाही.

शेवटचा चेंडू पडल्यावर अर्धा तास खुर्चीतच बसा. गाडी आणलीस तर तोंड बाहेर करून लाव आणि पार्किंगच्या पाटीचा फोटो घे. अंधारात सगळी शेतं सारखी दिसतात. लोकलने यायचं तर बेगडेवाडी जवळ, पण तिथून बरंच चालावं लागतं, अण्णांसाठी रिक्षा आधीच ठरव.

तिकिटं काढलीस की स्टँड नि गेट नंबर कळव. रात्री जेवायला आमच्याकडेच या, पिठलं-भात तयार असेल.

तुझा,
विजय